भेटींची ‘निरंक’ नोंद : प्रतिपालकत्वातून दत्तकापर्यंत पोहोचलेल्या एका मुलीचे प्रकरण

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. त्यामुळे पुढील मांडणीत नाव, गाव आणि जिल्हा दिलेला नाही. शिवाय हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत जी परिस्थिती उद्भवते, ती येथे एका मुलीच्या वाटचालीतून एकत्र मांडली आहे.

प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, वाढलेले मूल त्याच कुटुंबात दत्तक जाणे वरकरणी सरळ वाटते. घर पारखलेले असते, मूल रुळलेले असते, शाळा सुरू असते आणि पालकांची इच्छा असते. म्हणूनच अशा प्रकरणांत सर्वांचे लक्ष नव्या पालकांच्या योग्यतेकडे जाते. माझ्या मते ती तुलनेने सोपी बाजू आहे. निर्णय खरा अडतो, किंवा अडायला हवा, तो दुसऱ्याच प्रश्नावर : जन्मदात्याचे नाते कायमचे संपवण्याइतकी चौकशी झाली आहे का, आणि ती प्रामाणिकपणे झाली आहे का?

मुलगी बालगृहात कशी आली

मुलीची आई २०२० मध्ये आजाराने वारली. आई-वडील दोघेही दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात जात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, जोडीच्या हिशोबाने मिळते; नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता धरतात, त्याला उचलही कमी आणि कामाची खात्रीही कमी. पत्नीच्या मृत्यूनंतर वडिलांच्या डोक्यावर आधीच्या हंगामाची फिरती बाकी, म्हणजे कामातून न फिटलेली उचल, होती. वर्षाच्या आत त्यांनी दुसरे लग्न केले. पुढे कागदोपत्री या लग्नाचा उल्लेख ‘वडिलांनी पुनर्विवाह करून मुलीकडे दुर्लक्ष केले’ असा आला, पण तो त्या माणसाच्या परिस्थितीचे अर्धेच वर्णन करतो.

मुलगी आजीकडे राहिली. २०२१ च्या दिवाळीनंतर टोळी निघाली आणि काही दिवसांतच आजी अंथरुणाला खिळली. सहा वर्षांची मुलगी शेजाऱ्यांकडे जेवते आहे आणि शाळेत येत नाही, असे लक्षात आल्यावर अंगणवाडी सेविकेने १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवले. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर मुलीला हजर करण्यात आले आणि समितीच्या आदेशाने तिला जिल्ह्याच्या ठिकाणच्या बालगृहात दाखल केले गेले. त्या वेळी वडिलांना पाठवलेले पत्र गावच्या पत्त्यावर गेले आणि घराला कुलूप असल्याने परत आले. हंगामात त्या वाडीतील बहुतेक घरांना कुलूपच असते, हे पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे होते.

वडील २०२२ च्या एप्रिलमध्ये, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, बालगृहात आले. त्या भेटीची नोंद आहे. मुलीला नेण्यासाठी कागदपत्रे आणि समितीचा आदेश लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. त्यानंतर भेटींच्या नोंदवहीत प्रत्येक महिन्यासमोर एकच शब्द आहे : निरंक, म्हणजे एकही भेट नाही.

प्रतिपालक कुटुंब

जून २०२२ मध्ये समितीने कलम ४४ अन्वये मुलीला एका दांपत्याकडे प्रतिपालकत्वासाठी सोपवले. पती सहकारी पतसंस्थेत नोकरीला, पत्नी घरी शिवणकाम करणारी, आणि त्यांना अकरा वर्षांचा एक मुलगा. कलम ४४ चा हेतू स्पष्ट आहे. मूल संस्थेऐवजी कुटुंबात राहावे, त्या कुटुंबाने त्याचे शिक्षण, आरोग्य आणि पोषण सांभाळावे, समितीने दरमहा पाहणी करावी आणि मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर जन्मदात्या पालकांना ठरावीक काळाने भेटू द्यावे. मिशन वात्सल्य ही केंद्राची बाल संरक्षण योजना सुरू झाल्यानंतर अशा मुलामागे दरमहा ४,००० रुपये साहाय्य मिळते. या व्यवस्थेत मूल कुटुंबाचे होत नाही. ते राज्याच्या वतीने कुटुंबाकडे असते, आणि हा भेद रोजच्या जगण्यात कोणाच्या लक्षात राहत नाही.

मुलगी त्यांना काका-काकू म्हणू लागली. सुरुवातीचे काही महिने ती अतिशय शहाण्यासारखी वागली. न सांगता भांडी उचलायची, काही मागायची नाही. अनुभवी समुपदेशकाला असे शहाणपण काळजीत टाकते, कारण त्या वयाचे मूल स्वतःला सुरक्षित समजू लागले की हट्ट करते. हट्ट आला, पण तो विशिष्ट काळात आला. दसरा झाला की तिची झोप उडायची, अभ्यास थांबायचा आणि दिवाळीच्या दिवसांत ती कपडे दप्तरात भरून ठेवायची. काकूंनी पहिल्या वर्षी ही सणाची नावड समजली. दुसऱ्या वर्षी समुपदेशकाने तारखा शेजारीशेजारी मांडल्या, तेव्हा उलगडा झाला. तिच्या आठवणीत दिवाळी म्हणजे घरातली माणसे ट्रॅक्टरमध्ये सामान भरून निघून जाण्याची वेळ होती. तिने स्वतः ते एका वाक्यात सांगितले : “दिवाळी झाली की मोठी माणसं जातात, मग आपण कुठं जायचं ते दुसरंच कुणीतरी सांगतं.” त्या दांपत्याने त्यानंतर दिवाळीत बाहेरगावी जाणे बंद केले आणि सण संपल्यावर कोण कुठे असणार आहे, हे तिला कॅलेंडरवर लिहून दाखवायला सुरुवात केली. असे उपाय कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत सापडत नाहीत. ते मुलाकडे बारकाईने पाहणाऱ्या घराला सुचतात आणि दांपत्याच्या योग्यतेचा यापेक्षा मोठा पुरावा मला दिसत नाही.

नियम बदलला आणि प्रस्ताव तयार झाला

प्रतिपालकत्वाच्या २०१६ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालकांना दत्तकाचा विचार करण्यासाठी पाच वर्षे थांबावे लागे. या दांपत्याच्या हिशोबाने ते वर्ष २०२७ होते. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुधारित आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात ही मुदत दोन वर्षांवर आली आणि अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची मुभा मिळाली. मुलीच्या वास्तव्याला त्याच महिन्यात दोन वर्षे पूर्ण होत होती. दांपत्याने लगेच इच्छा कळवली.

पात्रतेत अडचण नव्हती. दत्तक विनियम, २०२२ नुसार आठ वर्षांवरील मुलासाठी दांपत्याच्या एकत्रित वयाची मर्यादा ११० वर्षे आहे, मूल आणि दत्तक पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते आणि विवाह किमान दोन वर्षांचा स्थिर असावा लागतो. पती ४७, पत्नी ४३ आणि मुलगी ९ वर्षांची होती.

मात्र मुलगी अनाथ नव्हती, परित्यक्तही नव्हती. तिचे वडील हयात होते आणि त्यांचा पत्ता फायलीत होता. दत्तक देण्यापूर्वी बाल कल्याण समितीने मुलाला कलम ३८ अन्वये दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करावे लागते. अलीकडच्या काळात, ज्यांना भेटायला कोणीच येत नाही आणि ज्यांचे पालक सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, अशा संस्थांमधील मुलांचाही कुटुंबाच्या दृष्टीने विचार होऊ लागला आहे. हे योग्यच आहे, कारण अशी मुले अठरा वर्षांची होईपर्यंत कोणाचीच नसल्यासारखी वाढतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कार्यालयाने याच आधारावर प्रस्ताव तयार केला. जोडपत्र म्हणून भेटींची नोंदवही होती, त्यात एक भेट आणि नंतर सगळे निरंक.

समितीच्या एका सदस्याने प्रस्ताव वाचून एकच प्रश्न विचारला : मुलीला बालगृहातून प्रतिपालक कुटुंबात हलवले, हे वडिलांना कोणी आणि कधी कळवले? फायलीत त्याचे उत्तर नव्हते.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची कृती मी या प्रश्नाला मानतो. नोंदवहीत झालेल्या भेटीच लिहिल्या जातात. जो माणूस दारापर्यंत येऊन परत गेला, त्याच्यासाठी तिथे रकाना नसतो. आणि कोऱ्या रकान्यांची संख्या वाढत गेली की तीच पुढे बापाच्या बेफिकिरीचा पुरावा ठरते.

वडिलांचा शोध

शोध ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला गेला, आणि वेळेची ही निवड जाणीवपूर्वक होती. पावसाळ्यात टोळ्या गावी असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे सामाजिक कार्यकर्ते वाडीवर गेले आणि वडील पहिल्याच फेरीत घरी भेटले.

त्यांचे म्हणणे सविस्तर नोंदवले गेले. आपली मुलगी ‘सरकारी वसतिगृहात’ शिकायला ठेवली आहे, असा त्यांचा समज होता. बालगृह आणि वसतिगृह यातला फरक त्यांना कोणी सांगितला नव्हता. २०२३ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा बालगृहात गेले होते, तेव्हा फाटकावरच ‘ती आता इथे नाही, ऑफिसात चौकशी करा’ असे उत्तर मिळाले. त्या दिवशी कार्यालयाला सुट्टी होती. नंतर पेरणी आली, मग उचल आली, मग हंगाम आला. दत्तकाचा विषय काढल्यावर ते आधी संतापले, मग बराच वेळ गप्प राहिले. त्यांचा पहिला प्रश्न मुलगी कितवीला आहे हा होता.

इथे कार्यालयापुढे दोन सोपे रस्ते होते आणि दोन्ही चुकीचे होते. एक, वडील सापडले म्हणून मुलीला तडक त्यांच्या ताब्यात देणे. दुसरा, त्यांचा अंगठा किंवा सही घेऊन फाइल पुढे सरकवणे. समितीने दोन्ही टाळले आणि समुपदेशकाला सर्व शक्यता कुटुंबापुढे मांडण्यास सांगितले.

पहिली शक्यता मुलगी घरी परतण्याची होती. गरिबी हे मूल कुटुंबापासून तोडण्याचे कारण होऊ नये, हे बाल न्यायाच्या मूलभूत तत्त्वांशी सुसंगत आहे, आणि मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य अशाच कुटुंबांसाठी असते. वडिलांना या साहाय्याची माहिती चार वर्षांत प्रथमच मिळाली. मुलीची आई वारली तेव्हा, आजी धडधाकट असताना, असे काही साहाय्य मिळाले असते तर हे प्रकरण कदाचित उभेच राहिले नसते, असे मला ठामपणे वाटते.

गौरी-गणपतीच्या सुट्टीत मुलगी समितीच्या परवानगीने काही दिवस वडिलांकडे राहून आली. सावत्र आईने तिला नीट वागवले, हे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण अहवाल लिहिणाऱ्याची लेखणी सावत्र आई या शब्दापाशी आपोआप कडक होते. मुलगी दोन लहान सावत्र भावंडांत रमली. पण त्याच दिवसांत वडिलांनी स्वतः समुपदेशकाला सांगितले, की ऑक्टोबरात आम्ही निघणार, ही दोन्ही पोरे बरोबर नेणार, आणि ही घरी आली तर ऊस तोडायला फडात नाही तरी कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकट्यांना हिलाच सांभाळावे लागेल. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होती. मुलीला विचारले, तेव्हा पुन्हा पलंगांच्या रांगेत झोपायला तिने स्पष्ट नकार दिला.

उचल फेडण्याचा प्रस्ताव

सप्टेंबरमध्ये एक प्रसंग असा घडला, की त्याने सगळे प्रकरण उधळले असते. वडिलांवर मुकादमाची बाकी आहे, हे प्रतिपालक दांपत्याला मुलीच्या बोलण्यातून कळले. पतीने समुपदेशकाला विचारले, की ती बाकी आम्ही फेडली तर वडिलांना हंगामाला जाण्याची सक्ती राहणार नाही, त्यांना सुटल्यासारखे होईल, मग असे का करू नये? हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्या मुलीला दत्तक घ्यायचे आहे, त्याचे कर्ज फेडणे म्हणजे कायद्याच्या नजरेत मुलाचा मोबदला ठरू शकतो. कलम ८१ नुसार मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा आणि एक लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. त्याहून गंभीर बाब नैतिक होती. त्या पैशानंतर वडिलांनी दिलेल्या कोणत्याही संमतीवर कोणालाही, स्वतः वडिलांनाही, कधीच विश्वास ठेवता आला नसता. मुलीला मोठेपणी कधी हे कळले असते, तर तिने त्याचा कोणता अर्थ लावला असता?

समुपदेशकाने दांपत्याला हे त्याच दिवशी लेखी समजावले आणि त्याची प्रत फायलीत ठेवली. प्रतिपालक आणि जन्मदाते एकमेकांना ओळखतात, अशा प्रकरणांत पैशाचा विषय कधी ना कधी निघतोच. म्हणून तो निघण्याची वाट न पाहता पहिल्याच बैठकीत त्याबद्दल स्पष्टपणे बोलावे, असे मी सुचवेन.

सही केव्हा घ्यावी

वडील सप्टेंबरअखेर समर्पणपत्रावर सही करायला तयार झाले होते. समुपदेशकाने सही तेव्हा न घेण्याची शिफारस केली आणि समितीने ती मान्य केली. कलम ३५ नुसार पालक आपल्या नियंत्रणाबाहेरील शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे मूल समितीकडे समर्पित करू शकतात. समितीने चौकशी आणि समुपदेशन करायचे असते, आणि सहीनंतर पालकांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. आता सप्टेंबरअखेर सही झाली असती, तर ही मुदत नेमकी हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांत गेली असती, जेव्हा तो माणूस शेकडो किलोमीटरवर फडात असतो आणि मुकादमाला विचारल्याशिवाय एक दिवसही सुट्टी घेऊ शकत नाही. कागदावर त्याला फेरविचाराचा हक्क मिळाला असता, प्रत्यक्षात नाही.

दांपत्याला ही दिरंगाई फार जड गेली. मुलीलाही गेली, कारण पुन्हा एक दिवाळी अनिश्चिततेत आली. तरीही हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. त्या हंगामात वडील अधूनमधून समुपदेशकाच्या उपस्थितीत मुलीशी फोनवर बोलले. एप्रिल २०२५ मध्ये ते परतले, समितीपुढे आले, आणि आपला विचार कायम असल्याचे त्यांनी सांगितले. समितीच्या अध्यक्षांनी त्यांना समर्पणाचा अर्थ सोप्या मराठीत दोनदा समजावला : मुलीवरचा कायदेशीर हक्क संपेल, तिचे आडनाव बदलेल आणि पुढे मन बदलले तरी मुदतीनंतर परत घेता येणार नाही. वडिलांनी विचारले, “तिला मी तिचा बाप होतो, हे सांगाल ना?” तिला हे माहीतच आहे आणि ते कोणी पुसणार नाही, असे उत्तर काकूंनी दिले.

मेच्या पहिल्या आठवड्यात समर्पणपत्र झाले. दोन महिने वडील गावीच होते, त्यांचा मुक्काम आणि फोन माहीत होता, आणि मुदत संपण्याआधी कार्यकर्ते पुन्हा घरी जाऊन आले. फेरविचार झाला नाही. त्यानंतरच समितीच्या किमान तीन सदस्यांच्या निर्णयाने मुलीला मुक्त घोषित केले गेले.

मुलीची संमती

दत्तकाचा आदेश देताना मुलाचे वय आणि समज लक्षात घेऊन त्याच्या इच्छेचा योग्य विचार व्हावा, असे कलम ६१ सांगते. या प्रकरणात पहिल्यांदा ती इच्छा विचारली गेली तेव्हा काका-काकू शेजारी बसले होते. “तुला यांच्याकडे दत्तक जायचं ना?” या प्रश्नाला मुलीने तत्काळ होकार दिला. समुपदेशकाने तो होकार ग्राह्य धरला नाही. ज्या घरात झोपायचे, त्याच घराच्या माणसांसमोर दहा वर्षांचे मूल नकार कसे देईल?

पुढच्या बैठका वेगळ्या झाल्या, आणि त्यांत संमती मागण्यापेक्षा मुलीचे प्रश्न ऐकण्यावर भर राहिला. तिचे प्रश्न मोठ्यांच्या अपेक्षेपेक्षा फार नेमके होते. मी वाईट वागले तर परत पाठवतील का? दादाला मिळतं तेवढंच मला मिळेल का? बाबा आले तर त्यांना घरात बसू देतील का? आणि आईचा फोटो भिंतीवर लावता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायद्यात होती. कलम ६३ नुसार दत्तक मूल सर्वार्थाने त्या पालकांचे होते, जणू त्यांच्याच पोटी जन्मले, आणि वारसाहक्कासह सर्व हक्क त्याला मिळतात. प्रतिपालकत्वात यातले काहीच नसते. ती व्यवस्था मूल अठरा वर्षांचे झाले की संपते आणि तोवर प्रत्येक फेरआढाव्यावर अवलंबून राहते. याच कारणासाठी, वडिलांशी नाते जिवंत असतानाही, दीर्घकालीन प्रतिपालकत्वापेक्षा दत्तक अधिक हिताचे आहे, या निष्कर्षाशी मी सहमत आहे.

उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायद्यात नव्हती. दत्तकानंतर जन्मदात्याला भेटीचा हक्क आपला कायदा देत नाही, आणि आदेशात तशी अट घालण्याचा आग्रहही कोणी धरला नाही. ते पूर्णपणे दत्तक पालकांच्या सुजाणपणावर सोडावे लागते. काकूंनी फोटो मोठा करून आणला. भेटींबाबत त्यांनी समुपदेशकाजवळ आपली भीती मोकळेपणाने बोलून दाखवली : वडील वारंवार आले तर मुलगी आमची होईल का? यावर त्यांच्याशी बराच काळ काम करावे लागले. मूल दोन नाती मनात बाळगू शकते. त्याला एक निवडायला लावले की ते निवडलेल्या नात्यातही मोकळे राहत नाही. हे काकूंना पटले, पण सवयीचे व्हायला वेळ लागला, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

घरातील मुलगा तोवर चौदा वर्षांचा झाला होता. कुटुंबात पाच वर्षांवरील मूल असल्यास त्याचीही संमती घेतली जाते. त्याने लेखी संमती दिली, परंतु स्वतंत्रपणे बोलताना त्याने सांगितले, की तीन वर्षे घरातले सगळे बोलणे तिच्याभोवतीच फिरते आहे. घराची पाहणी करून लिहिल्या जाणाऱ्या गृह अभ्यास अहवालात हे वाक्य जसेच्या तसे उतरवले गेले. अहवालात सगळे गोडच लिहिण्याची प्रथा असताना हे वाक्य टिकले, याचे श्रेय अहवाल लिहिणाऱ्या कार्यकर्तीला आहे. त्यानंतर आई-वडिलांनी त्याच्यासाठी वेगळा वेळ काढायला सुरुवात केली.

आदेश आणि पुढील देखरेख

पुढची पावले रीतसर पडली. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, नव्याने गृह अभ्यास, वैद्यकीय आणि आर्थिक कागदपत्रे, आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. २०२१ च्या सुधारणेनुसार १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढणे अपेक्षित असते. येथे तो वेळेत निघाला. आदेशाबरोबर प्रतिपालकत्वाचे मासिक साहाय्य बंद झाले. दांपत्याला याची कल्पना आधीच दिलेली होती आणि त्यांच्या मासिक अंदाजपत्रकात ती रक्कम धरलेलीच नव्हती.

नवा जन्म दाखला आणि शाळेच्या दाखल्यातील बदल यांसाठी पालकांना काही फेऱ्या माराव्या लागल्या. वर्गशिक्षिकेने आडनावातील बदल हजेरीच्या वेळी सर्वांसमोर जाहीर करू नये, अशी विनंती समुपदेशकाने आधीच केली होती, ती पाळली गेली. मुलगी काका-काकूच म्हणते. आई-बाबा म्हण, असे तिला कोणी सांगितलेले नाही आणि सांगू नये, असे फायलीत नोंदवले आहे.

दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल द्यावा लागतो. पहिल्या भेटीत पालकांनी सामाजिक कार्यकर्तीला विचारले, की वडील हंगामावरून परतल्यावर भेटायला येऊ इच्छितात, तर त्यासाठी कार्यालयाची परवानगी लागेल का. परवानगी आता लागत नाही, निर्णय तुमचा आहे, असे तिने सांगितले. मात्र तारीख ठरली की ती मुलीला काही दिवस आधी सांगावी, भेट घरीच ठेवावी, पैशाची देवाणघेवाण कोणत्याही कारणाने होऊ देऊ नये, आणि भेटीनंतर मुलीची झोप किंवा अभ्यास बिघडला तर पुढच्या अहवालाची वाट न पाहता कळवावे, असेही तिने सुचवले. पालकांनी कॅलेंडरवर एप्रिलचा शेवटचा रविवार ठरवला आणि तो दिवस मुलीने स्वतः लिहिला.